ग्रंथालयातला व्हिडिओ : अडवायचा कुठे, सोडायचा कुठे?

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९९० च्या दशकाअखेरीस वाचकांना इंटरनेट खुले करून दिले. त्यावर फिल्टर नव्हता. थोड्याच दिवसांत काही मंडळी अश्लील चित्रे पाहत संगणकांपुढे ठाण मांडून बसू लागली आणि जाताना ती पडद्यावर तशीच सोडून जाऊ लागली. समोर काम करणाऱ्या बारा ग्रंथपालांनी तक्रार केली, की कामाच्या जागी हा आमचा रोजचा छळ आहे. समान रोजगार संधीचे प्रश्न पाहणाऱ्या केंद्रीय आयोगाला २००१ मध्ये या तक्रारीत तथ्य आढळले. २००३ मध्ये ग्रंथालयाने ४ लाख ३५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

दहा वर्षांनी, २०१३ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नेमका उलटा प्रकार घडला. ग्रंथालयाच्या वाय-फायवरून एक लेखक 'हॅम्लेट'मधली एक ओळ तपासायला गेला. पडद्यावर सूचना आली, की हिंसक मजकुरामुळे हे पान उघडता येणार नाही. 'हॅम्लेट'च्या १६०३ च्या पहिल्या छापील आवृत्तीच्या जगात दोनच प्रती ठाऊक आहेत आणि त्यातली एक याच ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. प्रत तिजोरीत आणि नाटक काळ्या यादीत, अशी ती गंमत होती.

काहीच न अडवल्याने कर्मचाऱ्यांचे हाल होतात आणि सरसकट अडवल्याने वाचकाचे. व्हिडिओच्या बाबतीत हा पेच आणखी घट्ट होतो. कारण व्हिडिओ डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, नेटचा वेग खातो आणि खुर्चीही अडवतो. मग सार्वजनिक संगणकावर त्याला आवर घालायचा तरी कसा?

एका तक्रारीच्या पोटात चार तक्रारी

आपल्याकडच्या वाचनालयांत हा विषय निघतो तो बहुधा एकाच वाक्याने : "ते यूट्यूब आधी बंद करा." वाक्य एक असले, तरी ते बोलणाऱ्यांची दुखणी वेगवेगळी असतात. कोणाला मुलांच्या नजरेला नको ते पडेल याची धास्ती असते. कोणाची कुरकुर अशी, की एकाने सिनेमा लावला की बाकीच्यांचे नेट रखडते. तिसऱ्याला आवाजाचा त्रास होतो. चौथा म्हणतो, की गाणी पाहणारा तास-दीड तास संगणक सोडत नाही आणि परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुलगी ताटकळत उभी राहते.

पहिली तक्रार आशयाची, दुसरी वेगाची, तिसरी शांततेची आणि चौथी वेळेच्या वाटपाची. चारही तक्रारी खऱ्या आहेत, पण चौघींना एकच औषध लागू पडत नाही. यूट्यूब बंद केल्याने पेनड्राइव्हमधला सिनेमा थांबत नाही. दुसऱ्या संकेतस्थळावरचा अश्लील व्हिडिओ थांबत नाही. अर्ज भरणाऱ्या मुलीला संगणक लवकर मिळेल याचीही खात्री नाही, कारण त्याच खुर्चीत कोणी गेम खेळत बसू शकतो. बंद पडतात ती मात्र आयआयटीच्या प्राध्यापकांची 'एनपीटेल'वरची व्याख्याने, स्पर्धा परीक्षेचे वर्ग, मधुमेहाचे इंजेक्शन घ्यायचे कसे हे दाखवणारी चित्रफीत आणि ऑनलाइन अर्जात फोटो कसा चढवायचा हे समजावणारी पाच मिनिटे.

ग्रंथालयाने छापील अक्षरापुरतेच राहावे, असे ज्यांना वाटते त्यांनी बडोद्याचा इतिहास आठवावा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाचा एक स्वतंत्र विभाग होता. सिनेमाचे यंत्र, स्लाइड आणि स्टिरिओस्कोपची चित्रे घेऊन तो लोकांना फुकट खेळ दाखवी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत ग्रंथालयाने पोचायचे कसे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. आज तोच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात उभा आहे. सरकारी संकेतस्थळावरची इंग्रजी माहितीपत्रिका ज्याला कळत नाही, तो माणूस तीच गोष्ट मराठी व्हिडिओतून समजून घेतो.

फिल्टरला दिसते तरी काय?

फिल्टर बसवला की वाईट व्हिडिओ आपोआप वगळले जातात, असा एक भाबडा समज आहे. त्यासाठी फिल्टरला व्हिडिओ दिसायला तर हवा. आजच्या बहुतेक संकेतस्थळांशी संगणकाचे बोलणे कूटबद्ध, म्हणजे बंद लखोट्यातल्या पत्रासारखे असते. पोस्टमनला लखोट्यावरचा पत्ता वाचता येतो, आतला मजकूर नाही. ग्रंथालयाच्या वायरीवर बसलेल्या फिल्टरला 'हा संगणक यूट्यूबशी बोलतो आहे' एवढेच कळते. कोणता व्हिडिओ मागवला ते कळत नाही. हृदयशस्त्रक्रियेचे व्याख्यान आणि मारधाडीचा सिनेमा, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच.

त्यामुळे नावावरून अडवणाऱ्या फिल्टरपुढे दोनच पर्याय उरतात : सगळे यूट्यूब चालू किंवा सगळे बंद. त्यातही अर्धवट बंदीची एक विचित्र तऱ्हा आहे. यूट्यूबचे पान एका नावाच्या पत्त्यावरून येते आणि प्रत्यक्ष चित्रफितीचे तुकडे गूगलव्हिडिओ डॉट कॉम या दुसऱ्याच पत्त्यावरून येतात. हा दुसरा पत्ता अडवला, तर पान व्यवस्थित उघडते, शीर्षक दिसते, पण मधोमध नुसते चक्र फिरत राहते. वाचकाला वाटते नेट बंद आहे. कर्मचाऱ्याला वाटते संगणक बिघडला. बंदी आहे हे कोणालाच कळत नाही.

लखोटा फोडून पाहण्याचाही एक मार्ग आहे. प्रत्येक संगणकावर ग्रंथालयाचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवायचे, मध्ये एक प्रॉक्सी यंत्र ठेवायचे, त्याने सगळे बोलणे उलगडून तपासायचे आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवायचे. मोठ्या कंपन्यांत हे चालते, कारण तिथला संगणक कंपनीच्या कामासाठी असतो. सार्वजनिक ग्रंथालयात मात्र त्याच संगणकावर कोणी बँकेचे खाते पाहतो, कोणी डॉक्टरांचा अहवाल उघडतो, कोणी नोकरीचा अर्ज भरतो. एका व्हिडिओसाठी या सगळ्यांचा खाजगीपणा पणाला लावण्याचा अधिकार ग्रंथालयाला कोणी दिलेला नाही. शिवाय ते मधले यंत्र कोणी फोडले, तर सगळ्यांचेच पासवर्ड उघडे पडतात. छोट्या वाचनालयाने या वाटेला जाऊच नये.

यूट्यूबचीच चाळणी

बाहेरून दिसत नाही, तर आतल्याने चाळावे, हा तिसरा मार्ग. यूट्यूबमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' नावाची सोय आहे. २०१० मध्ये ती 'सेफ्टी मोड' या नावाने आली. शीर्षक, वर्णन, वयाची अट अशा खुणांवरून यूट्यूबची यंत्रणा लैंगिक दृश्ये, हिंसा, दारू आणि अमली पदार्थ, शिवराळ भाषा असलेले व्हिडिओ बाजूला काढते. ही सोय चालू असली की व्हिडिओखालच्या प्रतिक्रियाही दिसत नाहीत. मुलांच्या विभागात हा फायदा लहान नाही.

वापरणारा ही सोय एका क्लिकने बंद करू शकतो, म्हणून ती वरून कुलूपबंद करावी लागते. त्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला मार्ग डीएनएसचा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही सेवा. ग्रंथालयाच्या राउटरमध्ये अशी नोंद करता येते, की कोणीही यूट्यूबचे नाव विचारले तर त्याला 'रिस्ट्रिक्ट डॉट यूट्यूब डॉट कॉम' या पत्त्यावर पाठवावे. तिथे कडक चाळणी आपोआप लागू होते. थोडी सैल हवी असेल तर 'रिस्ट्रिक्टमॉडरेट' नावाचा दुसरा पत्ता आहे. ही नोंद यूट्यूबच्या मुख्य नावापुरती करून भागत नाही. मोबाइलवरचे पान, इतर संकेतस्थळांत बसवलेले व्हिडिओ आणि ॲप यांची नावे वेगळी आहेत. अशी पाच नावे गूगलने दिली आहेत आणि त्यातले एखादे राहिले की तेवढी फट उघडी राहते. या मार्गाचा फायदा म्हणजे वाचकाच्या स्वतःच्या फोनलाही, तो वाय-फायवर असेपर्यंत, हीच चाळणी लागते.

दुसरा मार्ग ब्राउझरचा. क्रोममध्ये 'फोर्स यूट्यूब रिस्ट्रिक्ट' नावाची एक धोरण-नोंद आहे. तिथे ० लिहिले तर सक्ती नाही, १ लिहिले तर मध्यम आणि २ लिहिले तर कडक. याला पैसे पडत नाहीत. मात्र संगणकावर दुसरा ब्राउझर असेल, तर तोही असाच बांधावा लागतो किंवा काढून टाकावा लागतो. आजचे काही ब्राउझर डीएनएसचा प्रश्नही लखोट्यात घालून परस्पर बाहेर पाठवतात, त्यामुळे राउटरमधली नोंद वाया जाते. सार्वजनिक संगणकावर ही सोय ब्राउझरच्या धोरणातूनच बंद ठेवावी लागते.

ही चाळणी किती विश्वासाची? २०१७ च्या मार्चमध्ये समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या साध्यासुध्या आत्मकथनांचे व्हिडिओही तिच्यात अडकत असल्याचा बोभाटा झाला. कंपनीला चूक कबूल करावी लागली आणि एप्रिलमध्ये तिने जाहीर केले, की दुरुस्तीनंतर आणखी १ कोटी २० लाख व्हिडिओ या सोयीतून दिसू लागले आहेत. म्हणजे तोवर तेवढे व्हिडिओ विनाकारण झाकलेले होते. निरनिराळ्या भाषांत चाळणीचा दर्जा कमीअधिक असू शकतो, हे यूट्यूब स्वतःच सांगते. मराठी वाचनालयाने ते विशेष ध्यानात ठेवावे. इथे एखादे गंभीर व्याख्यान अडकू शकते आणि द्व्यर्थी संवादांचा एखादा तमाशा सुखरूप निसटू शकतो. म्हणून मुलांच्या विभागात कडक चाळणी, प्रौढांच्या विभागात मध्यम किंवा अजिबात नाही, अशी वाटणी शहाणपणाची ठरते. सगळ्या संगणकांना एकच नियम लावायचा, तर तो सगळ्यात लहान वाचकाच्या मापाचा होतो आणि मोठ्यांना आखूड पडतो.

वेगाला बंदी नको, मर्यादा हवी

दुसरी तक्रार वेगाची. इथे आकडेमोड केली की अर्धा वाद मिटतो. यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे अखंड व्हिडिओ दिसायला ४के दर्जासाठी २० एमबीपीएस, १०८०पी साठी ५, ७२०पी साठी २.५, ४८०पी साठी १.१ आणि ३६०पी साठी ०.७ एमबीपीएस वेग लागतो. वाचनालयाची जोडणी ५० एमबीपीएसची आणि संगणक दहा आहेत असे धरा. दहाही जणांनी १०८०पी वर व्हिडिओ लावला, तर सगळी लाइन तिथेच संपली. तेच दहा जण ४८०पी वर असतील, तर फक्त ११ एमबीपीएस लागतात आणि अर्ज भरणाऱ्यांसाठी तीन चतुर्थांशांहून जास्त वेग मोकळा राहतो. फळ्यासमोर उभ्या असलेल्या प्राध्यापकाचे व्याख्यान ४८०पी वर उत्तम समजते.

वाचकाला दर्जा कमी करायला सांगत बसण्याचीही गरज नाही. आजचे व्हिडिओ काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत येतात आणि प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो. मिळणारा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा, हे प्लेअर स्वतः ठरवतो. राउटरमध्ये प्रत्येक संगणकाला दीड-दोन एमबीपीएसची मर्यादा घातली, की व्हिडिओ आपसूक ४८०पी वर उतरतो. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, नेटफ्लिक्सने युरोपातल्या जाळ्यावरचा भार हलका करायला हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि आपल्या व्हिडिओंचा बिटरेट उतरवून वाहतूक २५ टक्क्यांनी कमी केली. बंद काहीच केले नाही.

जिथे नेटच जेमतेम आहे, तिथे व्हिडिओ आधीच घरात आणून ठेवता येतात. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली खान अकॅडमीसारख्या संस्थांचे धडे एका साध्या संगणकावर साठवून ठेवते आणि ग्रंथालयातल्या बाकीच्या संगणकांना ते इंटरनेटशिवाय दाखवते. एकच धडा वीस मुलांनी पाहिला, तरी बाहेरची लाइन एकदाच वापरली जाते.

आवाज, पडदा आणि घड्याळ

तिसऱ्या आणि चौथ्या तक्रारीला तर सॉफ्टवेअरची फारशी गरजच नाही. स्पीकर काढून टाकावेत. हेडफोनची पिन सीपीयूच्या पाठीमागे शोधावी लागू नये म्हणून एक्स्टेंशन वायर टेबलावर आणून ठेवावी. वाचकांनी शक्यतो स्वतःचे इअरफोन आणावेत आणि विसरलेल्यांसाठी काउंटरवर दोन-चार जोड्या असाव्यात. पान उघडताच आवाजासह सुरू होणारे व्हिडिओ हा पूर्वी मोठा उपद्रव होता. क्रोमने २०१८ पासून ते बहुतांशी अडवले आहेत आणि ब्राउझरच्या धोरणातून ते पूर्ण बंद करता येतात. ज्याच्याकडे इअरफोन नाही त्याला उपशीर्षके लावून पाहता येते, हेही सांगावे.

वेळेच्या वाटपासाठी कोण काय पाहतो, याची चौकशी करण्याचे कारण नाही. अर्ध्या किंवा एक तासाची पाळी ठेवावी आणि रांग नसेल तर ती वाढवून द्यावी. एक संगणक पंधरा मिनिटांच्या कामांसाठी, म्हणजे अर्ज, तिकीट आणि प्रिंटसाठी राखून ठेवावा. गाणी पाहणाऱ्याची पाळी त्याची आहे. त्याने त्यात काय पाहावे हे ग्रंथपालाने ठरवू लागणे, म्हणजे कादंबरी नेणाऱ्याला 'आधी चरित्र वाचा' म्हणण्यासारखे आहे.

पडद्याची दिशा हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय. कूटबद्ध व्हिडिओ असो किंवा पेनड्राइव्हमधला, पडदा काउंटरवरून किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरून दिसत असेल, तर बहुतेक माणसे स्वतःच मर्यादेत राहतात. भारतातल्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांत आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको आणि उघड्यावरच्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूला हवेत, असे म्हटले आहे. हे नियम धंदा म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी आहेत, पण त्यातली फर्निचरची समज वाचनालयालाही उपयोगी पडते. मात्र बँकेचे किंवा आजारपणाचे काम करणाऱ्यालाही आडोसा हवा असतो. त्याच्यासाठी एक-दोन पडद्यांवर बाजूने न दिसणारी काच बसवावी आणि मुलांचा विभाग प्रौढांच्या पडद्यांपासून दूर ठेवावा.

अमेरिकेने कायदा केला, पण दार ठेवले

या वादाचा सगळ्यात मोठा कायदेशीर निकाल अमेरिकेत लागला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार तिथे शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळू लागली. 'ई-रेट' या नावाने ती ओळखली जाते. डिसेंबर २००० मध्ये 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट' आला आणि सवलतीला अट जोडली गेली, की संगणकांवर फिल्टर हवा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन न्यायालयात गेली. २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ग्रंथालयांपुरती ही अट घटनाबाह्य ठरवली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला आणि कायदा टिकला.

तो कशावर टिकला, हे महत्त्वाचे आहे. कायद्यात तरतूद आहे, की प्रौढ वाचकाने मागणी केली तर संशोधनासाठी किंवा कोणत्याही कायदेशीर कामासाठी फिल्टर काढून देता येतो. सुनावणीत सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल थिओडोर ओल्सन यांनी सांगितले, की वाचकाला त्याचे कारणही द्यावे लागणार नाही. मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांच्या निकालपत्रात या आश्वासनाचा आधार घेतलेला आहे. न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या वेगळ्या मतात पुढचीही सोय करून ठेवली. एखाद्या ग्रंथालयाला असा फिल्टर काढून देता येत नसेल आणि प्रौढांचा हक्क खरोखरच आखडत असेल, तर त्या ठिकाणापुरता कायद्याला पुन्हा आव्हान देता येईल, असे त्यांनी म्हटले. फिल्टर वैध ठरला तो उघडता येतो म्हणून.

आणखी दोन गोष्टी तिथल्या ग्रंथालयांच्याही नजरेतून सुटतात. हा कायदा फक्त दृश्य प्रतिमांबद्दल बोलतो, आणि त्याही तीनच प्रकारच्या : अश्लील, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आणि अल्पवयीनांना अपायकारक अशा लैंगिक प्रतिमा. यूट्यूब किंवा कोणतेही संकेतस्थळ बंद करा, असे तो कुठेही म्हणत नाही. फेसबुकसारखी समाजमाध्यमे मुळातच अपायकारक मानण्याचे कारण नाही, हे तिथल्या दूरसंचार आयोगाने २०११ मध्ये स्पष्टही केले. कायद्याचे नाव पुढे करून अख्खे यूट्यूब बंद करणारे ग्रंथालय कायद्याच्या पुढे चार पावले गेलेले असते.

आपल्याकडे

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तो झाला तेव्हा वाचनालयात संगणक येईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यामुळे गावोगावच्या अनुदानित वाचनालयांत संगणकाचे नियम कार्यकारिणीच्या मर्जीवर आणि नेट जोडून देणाऱ्याच्या सवयीवर चालतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६७, ६७अ आणि ६७ब अश्लील मजकूर प्रसारित करण्याला शिक्षा सांगतात. बालकांच्या शोषणाचे चित्रण नुसते शोधणे किंवा पाहणेही ६७ब खाली गुन्हा आहे. तेवढी रेषा पक्की आहे आणि तिथे वाचकाच्या मागणीवरून सूट देण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्या अलीकडचा सगळा प्रदेश वाचनालयाच्या विवेकावर सोडलेला आहे.

त्या प्रदेशात आज बसली आहेत ती अभ्यासिकेतली मुले-मुली. जिल्ह्याच्या ठिकाणची वाचनालये पुस्तकांइतकीच, कधी कधी पुस्तकांपेक्षा जास्त, अभ्यासिकेमुळे भरलेली दिसतात. राज्यसेवेची किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला शहरातला क्लास परवडत नाही, तेव्हा यूट्यूबवरचा मास्तर हाच त्याचा क्लास असतो. शिक्षण मंत्रालयाचे 'स्वयम्', शाळकरी मुलांसाठीचे 'दीक्षा' यांचाही मोठा भाग व्हिडिओच आहे. अशा वाचनालयात 'व्हिडिओ पाहण्यास सक्त मनाई' ही पाटी म्हणजे पुस्तकाच्या कपाटाला कुलूप घालणे होय.

एक सावधगिरी मात्र हवी. एका वाचकाने हेडफोन लावून पाहणे वेगळे आणि तोच सिनेमा सभागृहात पडद्यावर सगळ्यांना दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला भारताच्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार हक्कधारकाची परवानगी लागते, मग तिकीट असो वा नसो. २०१२ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम ६५अ नुसार हक्क मोडण्याच्या हेतूने व्हिडिओवरचे तांत्रिक संरक्षण फोडणे हाही गुन्हा आहे.

बंदी नसतानाही न चालणारे व्हिडिओ

काउंटरवर येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी मुळात बंदीच्या नसतात. काही व्हिडिओ हक्कांच्या करारामुळे ठरावीक देशांतच दिसतात. काहींना वयाची खात्री लागते आणि त्यासाठी स्वतःच्या खात्याने आत शिरावे लागते. सशुल्क सेवांचे व्हिडिओ संरक्षण प्रणालीशिवाय चालत नाहीत आणि ती प्रणाली धोरणात बंद असली की काळा पडदा दिसतो. जुनी शैक्षणिक संकेतस्थळे फ्लॅशवर बांधलेली होती. त्या प्रणालीचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला आणि तिथली चित्रे कायमची थिजली.

कधी अडचण पैशांचीही असते. 'कॅनॉपी' ही सेवा ग्रंथालयांमार्फत वाचकांना घरबसल्या चित्रपट दाखवते आणि पाहिल्या गेलेल्या चित्रपटांमागे ग्रंथालयाकडून पैसे घेते. वाचकांनी जास्त पाहिले तसे बिल चढले. १ जुलै २०१९ पासून न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालयांनी ती बंद केली. वाचकाला ती बंदी वाटली. प्रत्यक्षात तो हिशेब होता.

म्हणून व्हिडिओ का चालत नाही, हे पडद्यावर स्पष्ट मराठीत दिसायला हवे. फिल्टरने अडवले असेल तर तसे लिहावे आणि उघडून हवे असल्यास कुठे सांगायचे तेही लिहावे. स्वतःच्या खात्याने आत शिरणाऱ्यांसाठी आणखी एक व्यवस्था करावी. पाळी संपली की संगणक पुन्हा सुरू होताना आधीच्या वाचकाचे सगळे माग पुसून टाकणारी सॉफ्टवेअर मिळतात. ती नसतील तर ब्राउझर निदान पाहुण्याच्या खिडकीतच उघडेल असे करावे. आधीच्या माणसाने काय पाहिले, हे पुढच्याला कळता कामा नये.

नियम लिहायचा कसा?

नियम एका पानात बसावा आणि त्यात चार तक्रारींची चार उत्तरे असावीत : मुलांच्या संगणकांवर कोणती चाळणी आहे आणि प्रौढांच्या संगणकांवर कोणती, प्रत्येक संगणकाला वेग किती, आवाज फक्त हेडफोनवर, पाळी किती मिनिटांची. पाचवी ओळ सगळ्यात महत्त्वाची : अडलेला व्हिडिओ उघडून हवा असेल तर कोणाला सांगायचे. मिनिआपोलिससारखी वेळ येऊ नये म्हणून सहावी ओळ वर्तनाची असावी. इतरांना दिसेल अशा तऱ्हेने अश्लील चित्रण लावणाऱ्याची पाळी तिथेच संपेल, आणि तसे सांगण्याचा अधिकार काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला असेल. हे काम यंत्रावर ढकलता येत नाही.

काउंटरवरच्या माणसाला फिल्टर तिथल्या तिथे काढता यायला हवा. पासवर्ड फक्त नेट जोडून देणाऱ्याकडे असेल आणि तो आठवड्यातून एकदा येत असेल, तर मागणीवरून उघडून देण्याचा नियम कागदावरच राहतो. उघडून दिलेल्या व्हिडिओंची वही ठेवावी, पण त्यात वाचकाचे नाव नको. कोणते पान अडले होते आणि ते अडायला हवे होते का, एवढेच त्यात असावे. वर्षाकाठी ती वही कार्यकारिणीपुढे ठेवली, की चाळणी कुठे चुकते ते अंदाजाशिवाय दिसते.

आपल्या वाचनालयाची परीक्षा कोणत्याही ग्रंथपालाला एका दुपारी घेता येईल. वाचकांच्या संगणकावर बसून चार व्हिडिओ लावून पाहावेत : एनपीटेलचे एक व्याख्यान, स्तनांची स्वतः तपासणी कशी करावी हे सांगणारी वैद्यकीय चित्रफीत, 'हॅम्लेट'चा एखादा नाट्यप्रयोग आणि लहान मुलांचे एक गाणे. शेजारच्या दोन संगणकांवर त्याच वेळी कोणाला तरी अर्ज भरायला बसवावे. यातले काही अडले, तर वाचक म्हणून काउंटरवर जाऊन ते उघडून मागावे आणि घड्याळ लावावे. पाच मिनिटांत उघडून मिळाले, तर व्यवस्था ठीक आहे. 'अध्यक्षांना विचारून सांगतो' असे उत्तर आले, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय ठरला.